१९९२ च्या 'ड्रॅक्युला'त क्रूस नेमका कोणाच्या बाजूने आहे?

मूळ प्रश्न : काजळरेघ

ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट १९९२ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. चित्रपटाच्या नावातच मूळ लेखकाचे नाव असल्यामुळे तो कादंबरीशी सर्वांत प्रामाणिक आहे असे सरसकट म्हटले जाते, आणि पात्रे, रोजनिश्या, पत्रे व घटनांचा क्रम एवढ्यापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. धर्माच्या बाबतीत मात्र हा चित्रपट कादंबरीपासून फार दूर गेला आहे असे मला वाटते. तो कोणत्या दिशेने गेला, याचा उलगडा मला होत नाही.

कादंबरीतील काउंट ड्रॅक्युलाला कसलेही गाऱ्हाणे नाही. तो एके काळी शूर योद्धा होता, विद्वान होता आणि सैतानाच्या शाळेत विद्या शिकला, एवढे आपल्याला कळते. तो वाईट का झाला हे सांगण्याची स्टोकर यांना गरज वाटलेली नाही. चित्रपट मात्र सुरू होतो तोच त्याच्या गाऱ्हाण्यापासून. साल १४६२. तुर्कांवर विजय मिळवून परतलेला व्लाद, म्हणजेच पुढचा काउंट, आपल्या किल्ल्यातील प्रार्थनागृहात येतो, तेव्हा त्याची पत्नी एलिझाबेटा वेदीपुढे मृतावस्थेत पडलेली असते. तो लढाईत मारला गेल्याची खोटी बातमी शत्रूने बाणाला बांधून किल्ल्यात सोडलेली असते आणि ती खरी मानून तिने नदीत उडी घेतलेली असते. धर्मगुरू सांगतात, की तिने स्वतःच स्वतःचा जीव घेतला असल्यामुळे तिच्या आत्म्याला तारण नाही. ज्या चर्चसाठी आपण लढलो त्या चर्चने पदरात हे घालावे, या संतापाने व्लाद देवाचा त्याग करतो आणि दगडी क्रुसाच्या मध्यभागी तलवार खुपसतो. क्रुसातून रक्त वाहू लागते, ते तो चषकात धरतो आणि पितो.

शेवटही त्याच प्रार्थनागृहात होतो. मरणाच्या दारात असलेला काउंट देवाने आपल्याला टाकले असे म्हणतो, त्याच्या तोंडी 'पूर्ण झाले' हे शब्द येतात, मग जोनाथन हार्करची पत्नी मीना, जी चित्रपटात एलिझाबेटाचाच पुनर्जन्म आहे, त्याचे चुंबन घेते, विझलेल्या मेणबत्त्या आपोआप पेटतात आणि त्याचा विद्रूप चेहरा पुन्हा माणसाचा होतो. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरील येशूच्या तोंडी असलेले अखेरचे शब्दही 'पूर्ण झाले' हेच आहेत.

आता या दोन टोकांच्या मधले एक दृश्य पाहा. व्हॅम्पायरच्या मागावर असलेला प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग काउंटसमोर क्रूस उगारतो तेव्हा त्या क्रुसालाच आग लागते, आणि ज्याने स्वतः क्रुसाची चाकरी केली त्याला तुम्ही या मूर्ती दाखवून भिववणार का, असा टोला काउंट हाणतो. कादंबरीत क्रूस समोर आला की काउंट मागे हटतो. येथे क्रूसच हरतो. मग ज्या चित्रपटात क्रूस शस्त्र म्हणून निकामी ठरतो, त्याच चित्रपटात शेवटी क्रुसाखाली एका खुन्याला शांती मिळते, याचा अर्थ कसा लावायचा? हा चित्रपट ख्रिस्ती मूल्यांवर टीका करतो, की त्याच मूल्यांचा एक वेगळा पाठ मांडतो? की धर्म ही त्याच्या दृष्टीने केवळ नेपथ्याची बाब आहे, आणि आपणच त्यात नको तितके खोल शिरतो आहोत?

प्रतिसाद १ : शिलालेख

प्रश्न नेमका आहे, परंतु त्यामागे एक गृहीतक आहे ते आधी तपासावे लागेल. कादंबरीतील धर्म एकजिनसी आणि निःशंक आहे, आणि चित्रपटाने त्यात गुंतागुंत आणली, असे तुमच्या मांडणीवरून वाटते. वस्तुस्थिती अशी आहे, की ती गुंतागुंत स्टोकर यांच्याच पानापानांत भरलेली आहे.

स्टोकर डब्लिनचे, आयर्लंडमधील प्रोटेस्टंट घराण्यातले. बहुसंख्य प्रजा कॅथलिक आणि सत्ता प्रोटेस्टंटांच्या हाती, अशा समाजात ते वाढले. काउंटच्या किल्ल्यात जाणारा त्यांचा जोनाथन हार्कर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य प्रोटेस्टंट चर्चचा, इंग्रज आहे. ट्रान्सिल्व्हेनियातील बिस्ट्रिट्झ गावच्या खाणावळीतील बाई सेंट जॉर्जच्या सणाच्या आदल्या दिवशी त्याच्या गळ्यात क्रूस घालते, तेव्हा तो संकोचतो, कारण अशा वस्तूंना मान देणे म्हणजे मूर्तिपूजा, अशीच शिकवण त्याला मिळालेली आहे. केवळ त्या म्हातारीचे मन मोडवत नाही म्हणून तो क्रूस ठेवून घेतो. पुढे किल्ल्यात त्याच क्रुसाने त्याचा जीव वाचतो, आणि ज्या गोष्टीकडे आपण अंधश्रद्धा म्हणून पाहत आलो तिच्यापासून धीर मिळावा, याचे त्याला नवल वाटते. म्हणजे काउंटने चित्रपटात 'मूर्ती' म्हणून जो टोमणा मारला, त्याचे बीज कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात, तेही नायकाच्या मनात आहे. चित्रपटाने ते फक्त खलनायकाच्या तोंडी दिले.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा विषय किती तापलेला होता हे ध्यानात घेतले, तर स्टोकर यांचे धाडस अधिक उठून दिसते. उपासनेत रोमन पद्धतीचे विधी आणणाऱ्या अँग्लिकन धर्मगुरूंना आळा घालण्यासाठी १८७४ मध्ये तेथील संसदेने कायदा केला, आणि त्याखाली काही धर्मगुरूंनी तुरुंगाची हवाही खाल्ली. वेदीवरील मेणबत्त्या, धूप, विशिष्ट वस्त्रे यांच्या जोडीने वादाचा एक मुद्दा होता तो साध्या पावाऐवजी बेखमीर भाकरीची पातळ चकती वापरण्याचा. हा वाद पुरता विझलेलाही नव्हता आणि स्टोकर यांनी तीच चकती लंडनच्या स्मशानात आणली.

ते दृश्य जवळून पाहण्याजोगे आहे. मीनाची मैत्रीण लूसी मेल्यावर व्हॅम्पायर झाली आहे, तिची कबर बंद करण्यासाठी व्हॅन हेल्सिंग पिशवीतून पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली पवित्र भाकर काढतो, तिचा बारीक चुरा करतो, पिठाच्या गोळ्यात तो मळतो, त्याच्या वळ्या करतो आणि दाराच्या फटी गवंड्याने लांबी भरावी तशा भरून काढतो. हे काय, असे कोणी विचारताच तो सांगतो, की ही भाकर आम्सटरडॅमहून आणलेली आहे आणि त्यासाठी मला दंडमोचन मिळालेले आहे. कॅथलिक वाचक येथे अडखळतो. कॅथलिक शिकवणीप्रमाणे दंडमोचन म्हणजे क्षमा झालेल्या पापाबद्दल उरलेल्या शिक्षेतून मिळणारी सूट. तो काही करण्याचा परवाना नव्हे. शिवाय अभिषिक्त भाकर हे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर मानले जाते, तेव्हा तिचा चुरा करून फटी बुजवणे हा घोर अनादरच ठरेल. कॅथलिक धर्माची सामग्री स्टोकर यांना हवी होती, त्याची शिस्त मात्र त्यांना ठाऊक नव्हती किंवा नको होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की पवित्र वस्तू केवळ वस्तू म्हणून काम करतात, मग वापरणाऱ्याची श्रद्धा कशीही असो, ही कल्पना कादंबरीचीच आहे, आणि चित्रपटाने तिच्यावर आक्षेप घेतला आहे. क्रूस पेटतो त्या दृश्यात तो हाती धरणारा व्हॅन हेल्सिंग श्रद्धाळू कमी आणि शिकारी अधिक आहे. शेवटी मीना हाती काहीच पवित्र वस्तू न घेता वेदीपाशी बसते आणि तिथे मेणबत्त्या पेटतात. धर्मदृष्ट्या पाहता हा बदल मला प्रोटेस्टंट वळणाचा वाटतो, जरी डोळ्यांना दिसणारे सगळे कॅथलिक असले तरी.

प्रतिसाद २ : उत्तररात्र

वर आत्महत्येच्या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचे कुलूप तिथेच आहे.

एलिझाबेटाचा प्रसंग पटकथेने रचलेला आहे हे खरे, परंतु कादंबरीत आत्महत्येची सावली नाही असे नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावच्या चर्चच्या आवारातील ज्या बाकावर मीना आणि लूसी रोज जाऊन बसतात, तो बाक एका आत्महत्या केलेल्या माणसाच्या थडग्यावर आहे, असे एक म्हातारा खलाशी त्यांना सांगतो. लूसीवर पहिला हल्ला त्याच जागी होतो. पुढे व्हॅन हेल्सिंगच्या विवेचनातून असे कळते, की काउंटला इंग्लंडच्या पवित्र भूमीतही तिथे आसरा मिळाला तो ते थडगे आत्महत्या करणाऱ्याचे होते म्हणूनच. धर्माने ज्याला बाहेर काढले, त्याची जागा सैतानाला मोकळी होते, असा हा कादंबरीचा हिशेब आहे.

यामागे केवळ कल्पना नव्हती. इंग्लंडमध्ये आत्महत्या करणाऱ्याचे प्रेत चौरस्त्यावर पुरून त्यात लाकडी खुंटा ठोकण्याची चाल होती, आणि ती कायद्याने बंद झाली ती १८२३ मध्ये. त्यानंतरही अशा माणसाला चर्चच्या आवारात पुरायचे ते रात्री नऊ ते बारा या वेळात आणि कोणत्याही धार्मिक विधीविना, असाच नियम होता. वेळेचे बंधन सुटले ते १८८२ मध्ये. स्टोकर यांच्या पहिल्या वाचकांच्या आजोबांनी जो खुंटा आत्महत्या करणाऱ्यांसाठी पाहिला होता, तोच कादंबरीत व्हॅम्पायरच्या छातीत जातो.

आता चित्रपटाकडे येतो. तिथे धर्मगुरूने दिलेला निवाडा हाच सर्व अनर्थाचा उगम ठरतो. कपोला यांनी तो धर्मगुरू आणि व्हॅन हेल्सिंग या दोन्ही भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनाच दिल्या, हा योगायोग मानता येणार नाही. ज्याने पंधराव्या शतकात एलिझाबेटाच्या आत्म्याचे दार लावले, तोच चेहरा एकोणिसाव्या शतकात विद्वान प्राध्यापकाच्या रूपाने तिच्या पुनर्जन्माजवळ परत येतो. या वेळी त्याच्याजवळ धर्मग्रंथाबरोबर वैद्यकही आहे आणि बोलण्यात थोडा चावटपणाही आहे. त्याची पहिली ओळखच रक्ताच्या रोगांवरील व्याख्यानात होते, हेही विसरू नये. एड्सच्या भीतीने झाकोळलेल्या त्या वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली फिरणाऱ्या रक्तपेशी पडद्यावर पाहणाऱ्या प्रेक्षकाला, आजारी माणसाला पापी ठरवणारा निवाडा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नव्हते.

आणखी एक गोष्ट. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच १९९२ च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक चर्चचा नवा धर्मशिक्षणग्रंथ जाहीर केला. आत्महत्या करणाऱ्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, अशा अर्थाचे वचन त्या ग्रंथात आहे. तत्पूर्वी १९८३ च्या धर्मविधीसंहितेने अंत्यविधी नाकारायच्या लोकांच्या यादीतून आत्महत्या करणाऱ्यांना वगळलेही होते. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध होता असे मी मुळीच सुचवत नाही. पण चित्रपटातील धर्मगुरूचा निवाडा खुद्द चर्चनेच मागे टाकलेला होता, आणि म्हणून त्या निवाड्याविरुद्ध केलेले बंड १९९२ मध्ये धर्मद्रोही वाटण्याचे फारसे कारण उरलेले नव्हते.

प्रतिसाद ३ : मोरपंखी

काउंटला मिळालेल्या शांतीची एवढी चर्चा झाली, तर मग लूसीचे काय, हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा.

कादंबरीत लूसीच्या छातीत तिचा वाग्दत्त वर आर्थर खुंटा ठोकतो तो प्रसंग अंगावर येणारा आहे, परंतु तो संपल्यावर तिच्या चेहऱ्यावर पूर्वीचे निर्मळ भाव परत येतात, व्हॅन हेल्सिंग आर्थरला तिचे चुंबन घ्यायला सांगतो, आणि ती आता देवाची आहे, सैतानाची नाही, असे सर्वजण मानतात. स्टोकर यांनी तिला मारले खरे, पण तिचा आत्मा तिला परत दिला. कपोला यांच्या चित्रपटात तिचे मुंडके उडते आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर दिसतो तो जेवणाच्या टेबलावर कापला जाणारा भाजलेल्या मांसाचा तुकडा. प्रेक्षक हसतो. प्रार्थना नाही, चुंबन नाही, मेणबत्त्याही नाहीत.

म्हणजे कादंबरीने लूसीला दिलेली कृपा चित्रपटाने तिच्याकडून काढून घेतली आणि काउंटला बहाल केली. ज्याने पोत्यातले तान्हे मूल आपल्या तीन स्त्रियांपुढे टाकले, त्याला प्रेमाच्या नावाने तारण मिळते. जिचा अपराध म्हणाल तर मोकळेपणाने बोलणे आणि तीन पुरुषांनी मागणी घातल्यावर तिघांवरही लोभ असणे, तिच्या वाट्याला विनोद येतो. या चित्रपटात धर्माची जागा प्रेमाने घेतली असे म्हणणाऱ्यांनी हे प्रेम कोणाकोणाला पुरते, हेही मोजावे.

काजळरेघ यांचे उत्तर

मोरपंखी यांनी दाखवलेला तो कट माझ्या प्रश्नाच्या मुळालाच हात घालतो, आणि त्यावर बचाव सुचत नाही. एवढेच जोडतो, की लूसीला मिळालेली ही वागणूक निष्काळजीपणाची नसावी, कारण तिच्या मृत्यूची जागा अत्यंत विचारपूर्वक निवडलेली आहे. मीना आणि जोनाथन यांचा विवाह होत असताना, त्याच वेळी लांडग्याच्या रूपातील काउंट लूसीवर अखेरचा घाला घालतो, आणि ही दोन्ही दृश्ये एकमेकांत गुंफलेली आहेत. इकडे पवित्र संस्कार, तिकडे रक्त. याच दिग्दर्शकाने १९७२ मध्ये 'द गॉडफादर'मध्ये बाप्तिस्मा आणि हत्यासत्र असेच गुंफले होते. तिथे मात्र संस्काराला उभा असलेला माणूसच हत्यांचा सूत्रधार होता, त्यामुळे त्यातील उपरोध सरळ होता. येथे वधूवर निर्दोष आहेत. मग हा उपरोध कोणावर? शिवाय कादंबरीत हा विवाह बुडापेस्टच्या रुग्णालयात, इंग्रज मिशनच्या धर्मगुरूंच्या हस्ते साधेपणाने उरकतो, तर चित्रपटात तो पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पद्धतीने थाटात होतो. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांविषयी बरेच बोलणे झाले. या तिसऱ्या पंथाचे चित्रपटात काय स्थान आहे, यावर कोणी लिहील का?

प्रतिसाद ४ : अक्षरवेल

ऑर्थोडॉक्स पंथाविषयी विचारलेत म्हणून लिहितो. माझ्या मते चित्रपटाचे सर्वांत कच्चे अंग हेच आहे.

ऐतिहासिक व्लाद तिसरा हा आजच्या रुमानियातील वालाकियाचा राजा होता, आणि वालाकिया ऑर्थोडॉक्स मुलूख होता. चित्रपट त्याला ड्रॅगनच्या पवित्र संघाचा सरदार म्हणतो. हा संघ हंगेरीचा कॅथलिक राजा सिगिस्मुंड याने १४०८ मध्ये स्थापन केला होता आणि त्यात १४३१ मध्ये प्रवेश मिळाला होता तो व्लादच्या वडिलांना. त्यावरूनच त्यांना 'ड्रॅकुल' हे नाव पडले. दोन पंथांच्या आणि दोन साम्राज्यांच्या कचाट्यात सापडलेले ते राज्य होते. व्लादने ट्रान्सिल्व्हेनियातील सॅक्सन वसाहतींवरही स्वाऱ्या केल्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांचेही रक्त सांडले, आणि त्याच्या क्रौर्याच्या कहाण्या पश्चिमेत पसरल्या त्या जर्मन भाषेतील पत्रकांतून. पटकथेने हे सर्व पुसून टाकले आणि एक अखंड 'चर्च' व एक निष्ठावान रक्षक अशी सोपी जोडी उभी केली. देवाने आपल्याशी दगाफटका केला ही व्लादची तक्रार ऐकायला भारदस्त वाटते, पण ती तक्रार करायला तो आधी निष्कलंक धर्मवीर असावा लागतो, आणि तसा तो नव्हता. रुमानियात तर १९७६ मध्ये, त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली तेव्हा, साम्यवादी राजवटीने त्याचा राष्ट्रवीर म्हणून गौरव केला. तोही तितकाच सोयीचा व्लाद होता.

विवाहातील मुकुट, दाढीधारी धर्मगुरू आणि सोनेरी उजेड हे सगळे पाश्चात्त्य प्रेक्षकाला प्राचीन व गूढ वाटावे एवढ्यासाठीच आहे. तो पंथ काय मानतो, याची चित्रपटाला उत्सुकता नाही. रॉबर्ट एगर्स यांच्या २०२४ च्या, याच कथेवर बेतलेल्या 'नोस्फेराटू'त निदान एक पाऊल पुढे पडलेले दिसते. किल्ल्यातून निसटलेल्या तरुणाला ऑर्थोडॉक्स धर्मभगिनी मठात नेतात, त्याच्यावर उपचार करतात आणि तो कशाच्या तावडीत सापडला आहे हे त्या नीट जाणतात. तिथे स्थानिक धर्माला स्वतःचे ज्ञान आहे. बाहेरून आलेल्या प्राध्यापकाची त्याला वाट पाहावी लागत नाही.

मूळ प्रश्नाच्या संदर्भात मात्र मी १९२२ च्या, एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या 'नोस्फेराटू'कडे अधिक बोट दाखवीन. त्यात क्रूस आणि पवित्र भाकर यांना जवळपास स्थानच नाही. व्हॅम्पायर मरतो तो सूर्यप्रकाशाने, जी कल्पना स्टोकर यांची नव्हेच, कारण त्यांचा काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर फिरतो. आणि कोंबडा आरवेपर्यंत त्याला रोखून धरते ती एक स्त्री, स्वतःचे प्राण देऊन. मीनाचा १९९२ मधला शेवट मला या घराण्यातला वाटतो.

शिलालेख यांचा प्रोटेस्टंट वळणाचा तर्क मला अर्धाच पटतो, तो येथेच. कादंबरीत मीना पुरुषांना बजावते, की ज्याने हे सर्व दुःख घडवले तोच सर्वांत केविलवाणा आहे, त्याचीही कीव करा. आणि अखेरच्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला शांती दिसली, असे ती लिहून ठेवते. म्हणजे काउंटला क्षमा मिळावी ही इच्छा मूळ कादंबरीतलीच आहे, पण तिथे मीना फक्त इच्छा करते. वार करतात ते जोनाथन आणि त्याचा साथी क्विन्सी, आणि तिच्या कपाळावरचा पवित्र भाकरीने उमटलेला डाग जातो तो त्यांच्या सुऱ्यांनी. चित्रपटात जोनाथनच इतरांना थांबवतो, तिला आत जाऊ देतो, आणि व्हॅन हेल्सिंगसकट सगळे पुरुष बाहेर हिमात उभे राहतात. आत निवाडा देणारा धर्मगुरू नाही, विधी नाही, साक्षीदारही नाही. काउंटच्या छातीतला सुरा तीच पुढे रेटते, कपाळ तिचेच उजळते, आणि शिरच्छेदही तीच करते.